पान पिवळं दिसलं म्हणून अंक अस्सल ठरत नाही

जुनी अमेरिकन विज्ञानकथा मासिकं जमवणाऱ्यांमध्ये एक संदेश सारखा फिरत असतो: 'पानं तपकिरी, पिना गंजलेल्या, वर २५ सेंट किंमत, आकार सात बाय दहा इंच, पृष्ठक्रमांक एकपासून. एवढं जुळलं की अंक मूळचा, डोळे झाकून घ्या.' यातल्या एकाही खुणेवर पैसे टाकू नका.

आकाराचंच घ्या. प्रकाशक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६मध्ये सुरू केलेलं 'अमेझिंग स्टोरीज' साधारण साडेआठ बाय पावणेबारा इंचांचं होतं. ते लहान झालं ऑक्टोबर १९३३मध्ये. 'अस्टाउंडिंग' हे दुसरं मासिक लहान आकारातच जन्मलं, पण जानेवारी १९४२ ते एप्रिल १९४३ मोठं निघालं. म्हणजे या पट्टीनं मोजलं तर 'अमेझिंग'चा पहिलावहिला अंकच नकली ठरतो, आणि सात बाय दहात बेतलेली त्याची नक्कल पास होते!

पृष्ठक्रमांकाची अट तर त्याहून घातक. गर्न्सबॅक यांच्या 'अमेझिंग'मध्ये पृष्ठक्रमांक खंडभर, म्हणजे वर्षभराच्या अंकांत, सलग चालत. पहिला अंक ९६ पानांचा, त्यामुळे दुसरा ९७पासून. ऑगस्ट १९२८चा अंक हातात घेतला तर तो ३८५पासून सुरू होतो. 'सुरुवातीची पानं गायब आहेत' म्हणून कुणी तो परत केला, तर विकणाऱ्याचं नशीबच उघडलं. हाच अंक 'बक रॉजर्सचं पहिलं मुखपृष्ठ' म्हणून चढ्या भावानं खपवतात. बक रॉजर्स या गाजलेल्या विज्ञानकथा-नायकाची पहिली कथा त्या अंकात आहे हे खरं, पण मुखपृष्ठावर उडणारा माणूस 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' या दुसऱ्याच कथेतला आहे.

किंमत, तारीख, टपाल नोंदणीची ओळ? स्कॅनवरून छापलेल्या नकलेत तेही जसंच्या तसं येतं. पिना काय, ओलीत ठेवल्या की गंजतात. पान तपकिरी पडतं ते लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे. आजचा वर्तमानपत्री कागदही उन्हात ठेवला की पिवळा पडतो.

मग बघायचं काय? छपाई. मूळ अंक उठावाच्या ठशांनी छापलेले. भिंगाखाली अक्षराच्या कडेला दाबल्या गेलेल्या शाईची गडद किनार दिसते, आणि कधीकधी पानाच्या मागच्या बाजूला बोटाला हलका उंचवटा लागतो. नकलेतली अक्षरं भिंगाखाली ठिपक्यांची किंवा करवतीसारख्या कडांची निघतात, कारण तिथे अक्षराचाही फोटोच छापलेला असतो. महायुद्धाआधीचा म्हणून विकल्या जाणाऱ्या अंकाचा कागद अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरा चमकला तर विषय संपला: तशी चमक आणणारी रसायनं कागदात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर. चमकला नाही म्हणून मात्र अस्सल समजू नका.

संदेशात नसलेली एक गोष्ट: ऑगस्ट १९३९पासून 'अस्टाउंडिंग'ची ब्रिटिश आवृत्ती वेगळी निघे. कागद जुना, छपाई जुनी, नक्कल अजिबात नाही. पण अंक बारीक आणि काही कथा गाळलेल्या. अमेरिकन अंक म्हणून ती गळ्यात पडू नये, तर मुखपृष्ठाच्या फोटोवर भागवू नका. अनुक्रमणिकेचा, प्रकाशकाचा पत्ता असलेल्या मजकुराचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागा. देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.