'मेडिकलवाल्यानं गोळ्या विकाव्या' : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून वेगळं लिहितो आहे. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईला नैराश्यासाठी पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन सुरू झालं, तर टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होऊ शकतो. म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा, मनानं कुठलीच गोळी बंद करू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर गुरुजींचं म्हणणं असं: 2010 चा एक जुना अभ्यास पुढे करून बायकांना घाबरवलं आणि 2016 चे दोन मोठे अभ्यास एका ओळीत गुंडाळले. खेड्यातली बाई आधीच डोक्याची गोळी घ्यायला तयार होत नाही, हे वाचून ती असलेलीही फेकून देईल. मेडिकलवाल्यानं गोळ्या विकाव्या, डॉक्टरांना शिकवू नये. आणि घरच्या काकू तीन वर्षांपासून टॅमॉक्सिफेन आणि पॅरोक्सेटीन दोन्ही घेतात, ठणठणीत आहेत.

पहिले काकूंचं बोलू. त्या बऱ्या आहेत हे वाचून खरंच बरं वाटलं. पण टॅमॉक्सिफेन पुरेसं पडतंय की कमी पडतंय, हे अंगावर दिसत नसते. बीपीची गोळी लागू पडली नाही तर मशीनवर आकडा दिसतो, साखरेचंही तसंच. ही गोळी आपण घेतो ती जे परत होऊ नये त्यासाठी. तीन वर्षं काही झालं नाही याचं श्रेय गोळीला, ऑपरेशनला, किमोला की गाठ लवकर सापडली त्याला, हे घरी बसून कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. त्यामुळे काकूंच्या तब्येतीवरून तुमचा मुद्दाही सिद्ध होत नाही आणि माझाही.

आता मूळ भांडणाकडे येऊ. टॅमॉक्सिफेन पोटात गेल्या गेल्या कामाला लागत नाही. यवतमाळच्या माणसाला सांगायचं तर तो सरकीसकट वेचलेला कापूस आहे, जिनिंगमधून निघाल्याशिवाय त्याचा धागा होत नाही. हे जिनिंग लिव्हरमध्ये चालतं आणि त्यातलं महत्त्वाचं यंत्र म्हणजे सीवायपी-2डी-6 नावाचं एन्झाइम. त्यातून जे निघतं ते एंडॉक्सिफेन. कॅन्सरच्या पेशीवर इस्ट्रोजेनची जी जागा असते ती धरून ठेवायला हे एंडॉक्सिफेन मूळ गोळीपेक्षा 30 ते 100 पट जोरकस. पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन नेमकं तेच यंत्र अडवून बसतात. गोळी रोज पोटात जाते, काम अर्धवट होते.

(जाता जाता एक गंमत. हेच एंडॉक्सिफेन आपल्या देशात मानसिक आजारावरचं औषध म्हणूनही मंजूर आहे, बायपोलरमधल्या उन्मादासाठी. औषधांची दुनिया अशी एकमेकांत गुंतलेली असते.)

हे पुस्तकी वाटत असेल तर 2003 चा अमेरिकेतला छोटा प्रयोग बघा. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या 12 बायकांना चार आठवडे पॅरोक्सेटीन दिलं आणि रक्त तपासलं. एंडॉक्सिफेन निम्म्याच्याही खाली उतरलं होतं. इथपर्यंत वाद नाही. रक्तात ते कमी झालं म्हणून बाईचं नुकसान होतं का, वाद आहे तो तिथून पुढचा.

तुम्ही ज्याला जुना म्हणता तो 2010 चा अभ्यास कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला आहे. वय 66 आणि त्यापुढच्या 2,430 बायका. टॅमॉक्सिफेनच्या काळातला पाव भाग सोबत पॅरोक्सेटीन असेल तर स्तनाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका 24 टक्क्यांनी जास्त, अर्धा काळ असेल तर 54, पाऊण काळ असेल तर 91. नैराश्याच्या दुसऱ्या गोळ्यांच्या बाबतीत असं काही दिसलं नाही. जसजसा सोबतीचा काळ वाढला तसतसा धोकाही वाढला, ही चढण मला सहज सोडून देण्यासारखी वाटत नाही.

आणि तुमचे 2016 चे दोन. हे दोन्ही अमेरिकेतले. एकात 16,887 बायका, दुसऱ्यात 14,532. दोन्हींत फरक सापडला नाही, हे बरोबर. पण दुसऱ्या अभ्यासात बायकांचा माग काढला तो सरासरी जेमतेम दोन वर्षं. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतलं तर स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात, आणि हा हिशोब पंधरा वर्षांचा आहे. पंधरा वर्षांचा फायदा बुडाला की नाही, ते दोन वर्षांत कसं कळणार?

तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा मीच देतो, म्हणजे एकतर्फी लिहिल्याचा ठपका नको. ज्यांच्या अंगात हे एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं, अशा बायकांना टॅमॉक्सिफेन कमी लागू पडायला हवं ना? 2012 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांमधल्या बायकांचे जनुक तपासले, तसा फरक दिसला नाही. मात्र त्या सगळ्या पाळी गेलेल्या होत्या आणि तपासणी कशी केली यावरूनही पुढे बरंच वाजलं. माझ्या काउंटरवर टॅमॉक्सिफेन नेणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या आसपासच्या आहेत, पाळी चालू असलेल्या. ओंटारिओतल्या आज्ज्यांचा आकडा त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही आणि 2012 चा दिलासाही नाही.

म्हणून 'पॅरोक्सेटीननं कॅन्सर परत येतो' असं मी लिहिलं नव्हतं, आजही लिहीत नाही. पर्याय नसता तर ही जोखीम तोलत बसावं लागलं असतं. पण पर्याय आहे ना! एस्सिटालोप्राम त्या यंत्राच्या फारसं वाटेला जात नाही, व्हेन्लाफॅक्सिन तर जवळजवळ नाहीच. सर्ट्रालिन मधलं, डोस वाढला की अडथळाही थोडा वाढतो. एस्सिटालोप्राम देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत फ्लुओक्सेटीनच्याच जोडीला आहे, म्हणजे नागपूर-मुंबईहून मागवायची अपूर्वाईची चीज नाही. निर्धोक कोणतीच नाही. एस्सिटालोप्राममध्ये हृदयाच्या ठोक्यांकडे बघावं लागतं, व्हेन्लाफॅक्सिनमध्ये बीपीकडे. निवड डॉक्टरांनीच करायची. पण निवडताना त्यांच्यासमोर पूर्ण माहिती तर पाहिजे.

आणि गुरुजी, आपल्या भागात घोडं नेमकं इथंच अडते. तो अभ्यास खरा की हा, यावर आपण दोघं वाद घालू, पण बाईच्या दोन चिठ्ठ्या एका हातात कधी येतच नाहीत. कॅन्सरची फाइल नागपूरची किंवा सेवाग्रामची. मनाची गोळी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावची, कधी कधी तर चौकातल्या दवाखान्यातली. एसटीनं सहा महिन्यांत एकदा मोठ्या दवाखान्यात जायचं, तिथं रांगेतून नंबर लागल्यावर डॉक्टर विचारतात, दुसरी काही औषधं? शेजारी भासरे नाही तर दीर उभे. बाई म्हणते, नाई. संपलं. मनाची गोळी घरातही झोपेची किंवा ताकदीची म्हणूनच ओळखली जाते, काही वेळा खुद्द तिलाही तेच माहीत असतं.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई आल्या. कागद सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीत. एक चिठ्ठी पुढे केली, पॅरोक्सेटीन आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळीची. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, आंगातून भपकारे निंगते, रातभर डोया लागत नाई." मे महिना, पारा 45 च्या घरात, अंगातून वाफा कोणाच्या निघत नव्हत्या? पण या भपकाऱ्यांची तऱ्हा वेगळी वाटली. मानेपासून वर चढणारे, दोन मिनिटांत घामानं पोलकं ओलं करणारे. पिशवीतून दुसरं काही आहे का म्हटलं तर त्यांनी आधी मागं वळून दुकानात कोण कोण आहे ते पाहिलं, मग खालून टॅमॉक्सिफेनची स्ट्रिप काढली. तालुक्याच्या डॉक्टरांना का नाही दाखवली? "गावात मालूम पडलं त पोरीचं लगन अडते."

त्या डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. पाळी जाताना येणाऱ्या भपकाऱ्यांवर कमी डोसचं पॅरोक्सेटीन चालतं. अमेरिकेत 2013 पासून त्यासाठी ते मंजूरच आहे. त्यांना ती स्ट्रिप दिसली नव्हती, एवढंच. भपकारे तर टॅमॉक्सिफेनच आणतं, त्यामुळे त्यावर नेमकी हीच गोळी लिहून जायची शक्यता दुप्पट. मी फोन केला, त्यांनी नागपूरला बोलून दुसरी गोळी लिहून दिली. या सगळ्यात कोणी कोणाला शिकवलं नाही.

मेडिकलवाल्यानं गोळ्या विकाव्या या वाक्यावर मी रागावलो नाही, गल्ल्यावर बसलेल्या माणसाबद्दल लोकांचं असंच मत असते. पण 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी चिठ्ठी तपासणं आणि एका औषधाचं दुसऱ्याशी जुळतं की नाही ते गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच ठरवलं आहे. चिठ्ठी बदलण्याचा अधिकार मला नाही. फोन उचलण्याचा आहे.

घाबरून गोळी फेकण्याच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि तो हलका मुद्दा नाही. आपल्या जिल्ह्यात नैराश्य अंगावर काढण्याचे परिणाम काय होतात ते तुम्हाला मी सांगावं असं नाही. पॅरोक्सेटीन एकदम बंद केलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात, वर मूळ आजार डोकं काढतो. ते आठवड्या-आठवड्यानं उतरवायचं असतं. फ्लुओक्सेटीनची तऱ्हा उलटी. बंद केल्यावरही ते अंगात कित्येक आठवडे रेंगाळतं आणि तोवर यंत्र अडवूनच ठेवतं. म्हणून 'आज बंद केली, उद्यापासून टॅमॉक्सिफेन जोरात' असा हिशोब कोणी करू नये. टॅमॉक्सिफेन सोडून देणं तर सगळ्यात वाईट. पण भीती वाटेल म्हणून माहितीच द्यायची नाही, हे मला पटत नाही. वर्गात तुम्ही असं कधी केलं नसेल.

माझं मागणं एवढंच की दोन्ही स्ट्रिपा बरोबर न्या. आणि अख्ख्या न्या. आमच्याकडे पाच-पाच गोळ्या कापून नेतात. नाव छापलेला तुकडा दुकानातच राहतो आणि घरी जाते ती नुसती चांदी. नाव असलेला भाग मागून घ्या, मेडिकलवाला कुरकुरला तरी. ब्रँडच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, तिथं पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन आहे का तेवढं पोरा-पोरीकडून वाचून घ्या. बुप्रोपिऑन असेल तरी डॉक्टरांना सांगा, तेही अडवणारंच. ड्युलोक्सेटीन थोडं कमी. नातेवाइकांसमोर बोलता येत नसेल तर स्ट्रिप नुसती फाइलला टाचून द्या, डॉक्टर वाचतात. रात्री-बेरात्री मन फारच खचलं तर टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

काकूंची पाळी गेली आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. गेली असेल तर पुढच्या फेरीत नागपूरला विचारून बघा की टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलवर नेता येईल का. त्या गोळ्यांना या यंत्रातून जावंच लागत नाही, त्यामुळे हा वादच मिटतो. मग सांधे आणि हाडं सांभाळावी लागतात, तो वेगळा विषय. पाळी चालू असेल तर नुसत्या त्या गोळ्या चालत नाहीत. अशा वेळी पॅरोक्सेटीनऐवजी दुसरं काही बसेल का, हे मनाच्या डॉक्टरांना विचारायचं. दोन्हीपैकी काहीही असो, उत्तर येईपर्यंत आजच्या दोन्ही गोळ्या चालू राहू द्या.

शेवटी तुम्ही विचारलंत की मनाच्या गोळ्यांशिवाय दुसरं काय अडवतं. आपल्याकडे पावसाळ्यात गजकर्णासाठी सर्रास खाल्ली जाणारी टर्बिनाफिनची गोळी. तीही तेच यंत्र धरते आणि लोक ती चिठ्ठीशिवाय, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मागतात. काकूंना कधी गजकर्ण झालं तर टर्बिनाफिनचं मलम चालेल, गोळी डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनचं सांगितल्याशिवाय घेऊ नका.