काकांचा 'हं'

काल संध्याकाळी जिन्यात आमच्या कुत्र्याने तळमजल्यावरच्या काकांच्या एका 'बस'वर बैठक मारली. मी वरच्या पायरीवर पट्टा धरून उभी, आणि माझा तोच 'बस' नुकताच त्याच्या कानांवरून ओघळून गेलेला. काका माझ्याकडे बघून नुसते हसले. त्यापेक्षा बोलले असते तर परवडलं असतं, असं मला वाटलं. मग ते बोलले, आणि तेही परवडलं नाही.

"याला घरात शिकवतं कोण?"

"मी."

"हं."

या 'हं'मध्ये काय नव्हतं! माझं शिक्षण, माहेरचे संस्कार, आवाजाची पट्टी, सगळं एका अनुस्वारात निकालात निघालं.

"असं आहे," काका कठड्याला टेकत म्हणाले. कठड्याला टेकलेला माणूस लवकर सोडत नाही. "ही लांडग्याची जात. कळपात म्होरक्या एकच. त्याला कळलं पाहिजे की तो तुम्ही आहात. आधी तुम्ही जेवायचं, मग तो. दारातून आधी तुम्ही, मग तो. गुरगुरला की उताणा पाडायचा आणि डोळ्याला डोळा भिडवायचा."

"तुमच्याकडे कोणता होता, काका?"

"काय?"

"कुत्रा."

"छे! घाण कोण काढणार?"

हे म्होरक्याचं शास्त्र कुठून आलं ते मला ठाऊक आहे, पण जिन्यात ते कोणाला सांगायचं? रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लांडग्यांवर निबंध लिहिला, तो प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांकडे बघून. कोंडून ठेवल्यावर कोण गुण्यागोविंदाने राहील? पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७०च्या पुस्तकाने तो म्होरक्या घरोघरी पोचवला. १९९९ मध्ये त्याच डेव्हिड मीच यांनी लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे गादीसाठी रोज मारामाऱ्या होत नाहीत. पण दुरुस्ती जिन्यापर्यंत पोचत नाही, अफवा मात्र लिफ्टने येते. आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याला उताणा पाडायचा म्हणजे चावा मागून घ्यायचा. चावला की पुन्हा हेच म्हणणार, बघा, वळण नाही.

मुळात बसायला शिकवणं फार अवघड नाही. खाऊ नाकाशी धरायचा, डोक्यावरून हळूच मागे न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. टेकलं की त्याच क्षणी खाऊ द्यायचा. तुम्ही पिशवीची गाठ सोडत बसलात की तेवढ्यात तो उठतो आणि बक्षीस उठल्याबद्दल मिळतं. शिवाय स्वयंपाकघरात शिकलेलं 'बस' त्याला जिन्यात लागू वाटत नाही. जागा बदलली की धडा पुन्हा पहिल्यापासून. हे त्याच्या जातीचंच आहे, त्यात माझ्या आवाजाच्या पट्टीचा काही संबंध नाही. हे मी काकांना सांगितलं.

"माझ्यासमोर बसला की," काका म्हणाले.

बसला? मी वाकून बघितलं. बूड पायरीला टेकलंच नव्हतं. बोटभर वर तरंगत होतं, शेपूट धूळ झाडत होती आणि नाक काकांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशाला चिकटलं होतं. त्या खिशाच्या शिवणीत बिस्किटाचा चुरा होता. बरेच दिवसांचा असावा, थरावर थर.

"काका, तुम्ही याला बिस्किटं देता?"

"एखादं. मुकं जनावर आहे हो."

आता मला सांगा. हा अंगावर उड्या मारतो म्हणून सोसायटीत सगळ्यात मोठी ओरड कोणाची? काकांची. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारही पाय जमिनीवर आले की मगच लाड. हे मी आल्यागेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगते. काका मात्र घरच्या कपड्यांत असले की "ये रे माझ्या राजा" म्हणत दोन्ही हातांनी त्याची मान खाजवतात, आणि इस्त्रीची पँट असली की "शी! काय हे वळण!" मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर हेच दाखवून दिलं होतं: दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की सवय लवकर सुटते; कधी मिळतं, कधी नाही, अशी लागलेली सवय सुटता सुटत नाही. लॉटरीचं तिकीट माणूस याच आशेने घेतो. आमच्या कुत्र्याची लॉटरी रोज संध्याकाळी तळमजल्यावर उभी असते आणि वर मलाच शिस्त शिकवते.

घरातलं तरी काय सांगावं? मी 'ये' म्हणते, सासूबाई 'या या राजे' म्हणतात, मुलगी शिट्टी वाजवते. तो बिचारा सगळ्यांकडे आळीपाळीने बघतो आणि जो खात असेल त्याच्याकडे जातो. आंघोळ घालायची असली की नवरा लाडाने 'ये' म्हणून बोलावतो. तेव्हापासून 'ये' ऐकलं की तो पलंगाखाली जातो. माझ्या कित्येक दिवसांच्या मेहनतीवर एका बादलीने पाणी पडलं, पण घरात हे कोणाच्या गावीही नाही.

रात्री जेवताना मी जिन्यातला सगळा प्रकार सांगितला. वाटलं, निदान नवरा तरी चिडेल. तो म्हणाला, "मग रोज तासभर काकांकडेच देऊ या की. ते तयार आहेत, मला म्हणाले होते."

म्हणजे यांचं आधीच बोलणं झालंय!

"तासभर?" मी म्हटलं. "अरे, सलग पाच-दहा मिनिटांच्या वर त्याचं लक्ष टिकत नाही."

उत्तर नाही. कारण कुत्र्याने तेवढ्यात त्याच्या मांडीवर पुढचे दोन पाय टाकले होते आणि हा त्याचे कान कुरवाळत "नको ना रे, नको ना" म्हणत होता.

"पाठ फिरव!" मी ओरडले.

फिरवली. माझ्याकडे.