चाकू बाळगणारा इसम

"कशाला पाहिजे?"

बोहरी आळीतल्या दुकानदाराने हे विचारलं तेव्हा त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. तो एका गिऱ्हाइकाला अर्धा किलो खिळे तोलून देत होता. मी मात्र गडबडलो. तीन महिने अभ्यास करून गेलो होतो. पोलादाचे प्रकार पाठ होते, उघडलेलं पातं जागच्या जागी अडकवून ठेवायच्या किती तऱ्हा असतात ते झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण ‘कशाला’ हा भाग अभ्यासक्रमातच नव्हता.

"रोज जवळ बाळगायला," मी म्हणालो.

तराजू थांबला. खिळेवाल्या गिऱ्हाइकाने वळून माझ्याकडे पाहिलं आणि ते अर्धं पाऊल मागे सरकलं. दुकानदाराने आवाज खाली आणला. "साहेब, आधार कार्ड आणलंय?"

त्याचं काही चुकलं नाही. पुण्यात कोयता गँगच्या एवढ्या बातम्या आल्यावर धारेची वस्तू विकणारा माणूस जपून राहणारच. चुकलं माझं क्रियापद. इंग्रजीत चाकू ‘कॅरी’ करतात. छत्री, डबा, कडेवरचं मूल यांच्यासारखाच. मराठीत चाकू बाळगतात, आणि तो बाळगला की माणसाचा तत्काळ इसम होतो. ‘शस्त्र बाळगल्याप्रकरणी ५२ वर्षीय इसमास’ इतकं वाक्य ज्या भाषेत आधीच छापून तयार असतं, तिच्यात ही हौस करायला छातीच लागते. आजवर मी आशा बाळगली, धीर बाळगला, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टनंतर भीतीही बाळगली. लोखंडाचं काही बाळगायची ही पहिलीच वेळ.

"फळं कापायला, असं म्हणा ना," दुकानदाराने मला सावरून घेतलं आणि काउंटरखालून एक काळाकुट्ट चाकू काढला. बटण दाबलं की पातं फटकन बाहेर. पात्यावर ड्रॅगन, मुठीत टॉर्च, टॉर्चच्या बुडाशी होकायंत्र. "इम्पोर्टेड आहे. दीडशे." इम्पोर्टेड होता यात शंका नाही, एका बाजूला यूएसए आणि दुसऱ्या बाजूला चायना, असं दोन्हीकडून कोरलेलं होतं. तो खिशात घातला असता तर मी नुसता इसम राहिलो नसतो, एकट्याची टोळी झालो असतो. म्हणून मग एक अडकित्ता बघितल्यासारखं केलं आणि निघालो.

हे खूळ डोक्यात शिरलं कुठून ते सांगायला हवं. रात्री जेवणं झाली की लोक मोबाइलवर काय काय बघतात. मी तीन महिने परदेशी माणसांचे खिसे बघत होतो. ‘एव्हरीडे कॅरी’ नावाचा एक पंथच आहे. घरातून निघताना खिशात जे जे असतं ते ही मंडळी लाकडी टेबलावर ओळीने मांडतात आणि त्याचा फोटो काढतात. टॉर्च, पेन, घड्याळ, चामड्याचं पाकीट, आणि मधोमध नवरदेवासारखा चाकू. एका रात्री मीही माझा खिसा डायनिंग टेबलवर मांडला. स्कूटरची किल्ली, तिला लटकलेला गणपती, रुमाल, बसची दोन तिकिटं, ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप आणि गेल्या दिवाळीची लाँड्रीची पावती. मधोमध जागा मोकळी ठेवून जरा लांबून बघितलं. खरंच काहीतरी कमी होतं.

"अहो, तो उकिरडा आवरा आणि दिवा घालवा," आतून आवाज आला.

शेवटी मन बसलं ते फ्रान्सच्या ओपिनेलवर. आमच्या अटी दोनच होत्या, परदेशी हवा आणि स्वस्त हवा. तिकडे सॅव्हॉयच्या डोंगराळ भागात हा चाकू शेतकरी, गुराखी, कोणाच्याही खिशात असतो. लाकडी मूठ, एक पातं, पोलादाची एक फिरती कडी, एवढाच कारभार. १८९० साली जोसेफ ओपिनेल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने तो घडवला. त्याच्या वडिलांचा धंदा कुऱ्हाडी, कोयते वगैरे अवजारं घडवण्याचा. (हे मी बोहरी आळीत बोललो नाही ते बरं.) पुढे १८९७ मध्ये त्याने एक ते बारा अशा नंबरांची चढती रांगच काढली, चपलांसारखी. त्यातला पहिला नंबर इतका चिमुकला की पातं दोन सेंटिमीटरचं; तो आणि अकरा नंबर पुढे बंद झाले. आठ नंबर हा मध्यमवर्गीयांचा. पातं साडेआठ सेंटिमीटर. मला आठच बसणार, हे मी न घालता ओळखलं.

पातं दोन जातींचं मिळतं, न गंजणारं आणि गंजणारं. गंजणारं म्हणजे कार्बन स्टील. जाणकार म्हणतात धार त्यालाच चांगली लागते, पण निगा राखावी लागते. मी अर्थात गंजणारं घेतलं. स्टेनलेस काय, कोणीही वापरतो.

राहता राहिली किंमत. तिकडे दहा-पंधरा युरोला मिळणारी वस्तू आयातवाल्याचे, कुरिअरवाल्याचे आणि सरकारचे हात लागत लागत माझ्या हातात पडली तेव्हा दोन हजारांच्या वर गेली होती. घरात मी आठशे सांगितले. "आठशे?" बायको म्हणाली. तिच्या हातात पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची सुरी होती, पंधरा रुपयांची, आणि ती तिने माझ्याकडे बघत एका टोमॅटोतून अशी काही फिरवली की मी पुढचं बोललो नाही.

खिशात घालण्याआधी कायदाही वाचला. शस्त्र नियमांनी नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदी अशी रेघ आखलेली आहे, आणि घरकामाची, शेतीची अवजारं तीतून वगळलेली आहेत. मुलाच्या जुन्या कंपासमधली पट्टी काढून मोजलं. सव्वातीन इंच आणि वर एक केस. निर्धास्त झालो. मग पेपरच्या कोपऱ्यात पोलिसांचा मनाई आदेश दिसला. सणवार आले की तो निघतोच, आणि त्यात सोटे, भाले, सुरे, लाठ्या यांच्या पाठोपाठ ‘शारीरिक इजा करण्याकरिता वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ असतेच. या व्याख्येत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची छत्रीसुद्धा बसते. तरी मी आठवडाभर चौकी टाळून लांबच्या रस्त्याने ऑफिसला गेलो.

आता चाकू खिशात होता, फक्त काम कुठे मिळेना. माणसाला आयुष्यात किती कमी गोष्टी कापाव्या लागतात हे चाकू घेतल्याशिवाय कळत नाही. दुधाची पिशवी मी दोन दिवस अगोदरच कापून ठेवायला निघालो होतो. शेजाऱ्यांकडे पार्सल आलं की मी दारात रेंगाळायचो. वैशाखात एकदा बाजारातून कैऱ्या आल्या तेव्हा मात्र मी कोणाला हात लावू दिला नाही. तीन कैऱ्यांच्या फोडी केल्या, चाकू पंच्याने पुसला न पुसला असा मिटला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी उघडला तर पातं निळं-काळं पडलेलं, मधेमधे जांभळट झाक, एखाद्याला मुका मार लागावा तसं. जाणकार याला ‘पॅटिना’ म्हणतात आणि त्याचं कौतुक करतात. बायको ‘ई’ म्हणाली.

जूनमध्ये आम्ही मॉलमध्ये सिनेमाला गेलो. धातुशोधक दाराने माझ्या नावाने टाहो फोडला. सिक्युरिटीच्या मुलाने खिशातून चाकू काढला, उलटासुलटा केला. "काय आहे हे काका?"

दुकानदाराची शिकवणी कामी आली. "फळं कापायला."

त्याचा चेहरा कडक झाला. "बॅगेत फळं आहेत?"

"नाहीत."

"मग ठीक. बाहेरचं खाणं आत चालत नाही."

चाकू मात्र ठेवून घेतला. एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, चार लायटर, तंबाखूच्या दोन डब्या आणि एक चुन्याची ट्यूब यांच्या संगतीत माझा फ्रेंच चाकू, आणि माझ्या हातात सतरा नंबरचं टोकन. सिनेमा काय होता ते आठवत नाही. मी तीन तास त्या ट्रेचाच विचार करत होतो. बाहेर आलो तर पाळी बदललेली. नवा गार्ड टोकनवर समाधान मानेना. "तुमचाच कशावरून? काही खूण सांगा."

खूण होती! पात्यावर आशीर्वाद देणारा हात आणि त्यावर मुकुट. हात सेंट जॉनचा, कारण त्यांच्या भागातल्या सेंट-जाँ-द-मोरियेन या गावच्या कॅथेड्रलमध्ये त्या संताची बोटं जपलेली आहेत. मुकुट सॅव्हॉयच्या ड्यूकांच्या घराण्याचा. १९०९ पासूनची ही निशाणी. हे सगळं मी लॉबीत उभं राहून सविस्तर सांगितलं. मागे रांग लागली. गार्डने डोळे बारीक करून पातं दिव्याखाली धरलं. "हां, पंजा आहे," तो म्हणाला. "प्रचारात वाटले होते का?" बायको एव्हाना रिक्षात जाऊन बसली होती.

मग आषाढ लागला. आणि एका दुपारी ऑफिसात तो क्षण आला ज्याच्यासाठी मी मार्चपासून टपलो होतो. साहेबांचा वाढदिवस, टेबलावर केक, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "अय्या, सुरी कुठे दिलीय? कोणाकडे सुरी आहे का?"

मी उभा राहिलो. खुर्चीचा आवाज मुद्दाम जरा मोठा केला. खिशातून चाकू काढला. कडी फिरवली, पात्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. नख गेलं. सकाळी बसस्टॉपवर भिजलो होतो, माझ्यासोबत खिसा भिजला होता आणि खिशासोबत ती बीचच्या लाकडाची मूठ. लाकूड फुगलं आणि त्याने पातं मिठी मारावी तसं धरून ठेवलं होतं. यात कोणाचा दोष नाही. आषाढात आमची न्हाणीघराची दारंसुद्धा हेच करतात.

यावर सॅव्हॉयच्या लोकांचा एक रामबाण उपाय आहे. मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं आपोआप डोकं वर काढतं. तो मला ठाऊक होता. बाकी कोणाला ठाऊक नव्हता. त्यामुळे त्यांना जे दिसलं ते असं: एरवी मुकाट बसणारा एक माणूस खिशातून चाकू काढतो, त्याच्याशी झटतो, आणि मग साहेबांच्या तोंडासमोर टेबलावर धाडधाड ठोकू लागतो. तिसऱ्या ठोक्याला पातं निघालं. निळं, काळं, कडेने आता तांबूसही. कोणी बोलेना. मेणबत्त्या माझ्या ठोक्यांनीच विझल्या होत्या. साहेब अतिशय शांतपणे म्हणाले, "पट्टी आहे का कोणाकडे?" केक बारा इंची स्टीलच्या पट्टीने कापला, आणि मला मिळालेला तुकडा बाकीच्यांपेक्षा मोठा होता. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

घरी येऊन चाकू टेबलावर टाकला. आई पलीकडे वाटाणे सोलत बसली होती. ऐंशीच्या घरातली आहे, मोबाइल तिला दिसत नाही, पण गंज लांबून दिसतो.

"आण इकडे," ती म्हणाली. मी हात पुढे केला. "हातात नको, खाली ठेव. भांडण होतं."

मी खाली ठेवला. तिने उचलला, अंगठा पात्यावर आडवा फिरवला, नखावर धार टेकवून बघितली. चिंचेचं बुटुक मागून घेतलं, पातं घासलं, धुतलं, कोरड्या फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं, मग खोबरेल तेलाचं बोट लावलं. पात्याला एक आणि मूठ जिथे चिरली आहे त्या फटीत एक. सगळं मिळून पाच मिनिटं. मी हे करायला चाळीस मिनिटांचा एक व्हिडिओ बघणार होतो.

"लोखंड चांगलं आहे रे," ती म्हणाली. "काळं पडतं म्हणजे चांगलं. माझी विळी अशीच होती. वांगं चिरलं की काळी, कैरी चिरली की काळी. पुसून ठेवायची. तुम्ही मोडीत घातलीत ती, स्टीलची आणलीत."

कोणी घातली मोडीत, यावर मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं. बहुधा मीच. किलोवर गेली होती.

त्या दिवसापासून चाकू माझ्या खिशात फारसा आला नाही. आधी तो अळूची देठं सोलण्यासाठी आत गेला. मग घेवड्याच्या शिरा काढायला. मग एक दिवस संध्याकाळी शोधला तर आईच्या कापडी पिशवीत सापडला, जपमाळ आणि चष्म्याच्या घराच्या मध्ये. ती रोज तो बागेत नेत होती. तिथल्या कट्ट्यावर तिच्या पाच-सहा मैत्रिणी बसतात. पेरू कापतात, तिखटमीठ लावतात. वाटेत पोलीस चौकी आहे. आई तिच्यासमोरूनच जाते, हवालदार तिला "काय आजी, बरंय ना?" विचारतो.

खंडेनवमीला तिने पाट मांडला. स्टीलची विळी, अडकित्ता, माझा स्क्रूड्रायव्हर, मुलाचा लॅपटॉप, आणि मधोमध चाकू. त्याच्यावर झेंडूचं फूल. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

"ऐक," हळदीकुंकू वाहता वाहता आई म्हणाली. "समोरच्या काकूंना पण असला एक पाहिजे. त्यांचा हात लहान आहे, सहा नंबर बघ. आठशेलाच येईल ना?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी घाईने विषय बदलला. "काकूंना कशाला पाहिजे चाकू?"

"कशाला म्हणजे?" आई म्हणाली. "असावा जवळ."