दोन मजली घराला आगीची भीती नाही म्हणे!

गेले काही दिवस आपल्या गल्ल्यांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आगीचे नियम बेंगळूर-मुंबईच्या टॉवरांसाठी आहेत, आपल्या बेळगावच्या दोन-तीन मजली घरांना त्यांची गरज नाही. आग लागलीच तर दोन मिनिटांत खाली उतरता येतं, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारं बटण) असली की शॉर्टसर्किटची काळजी नाही, आणि बंब येईपर्यंत चार बादल्या पाणी पुरतं. मी शहापुरात असल्याच घरात राहतो, म्हणून गप्प बसवत नाही.

नियमाबद्दल आधी. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत बहुमजली धरली आहे आणि तिला जादा अटी आहेत, इथवर खरं. पण त्याखालची घरं सुरक्षित आहेत, असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणमची शाळा टॉवर नव्हती. शाकारलेलं छप्पर, उतरायला अरुंद जिना. १६ जुलै २००४ ला तिथं आगीत ९४ मुलं गेली.

आता ती 'दोन मिनिटं'. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं ज्वाळा आहेत. माणसं बहुतेक वेळा धुरानं मरतात. दिल्लीच्या उपहार थिएटरात १९९७ साली ५९ जण गेले, ते मुख्यतः गुदमरून. बेंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये २०१० साली धुरानं कोंडलेल्या माणसांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. ९ जण दगावले. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतला माणूस धुराच्या वासानं जागा होईल याची खात्री नसते.

आणि आपल्या घरांचा जिना कसा असतो? एकच, अरुंद, घराच्या मधोमध. गरम धूर वरच चढतो, म्हणजे तळमजल्यावर पेटलं की तो जिना धुराडं होतो. आमच्या जिन्याखाली दोन स्कूटर (एक चार्जिंगला लावलेली), जुन्या मागाचे बीम आणि सुताची बाचकी होती. चोरांच्या भीतीनं गॅलरीला ग्रिल, ग्रिलला कुलूप. परवा रात्री दिवे घालवून आईला म्हटलं, गॅलरीचं ग्रिल उघडून दाखव. किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली देवघरात. कुलूप निघायला ३ मिनिटं १० सेकंद लागली, तेही धूर नसताना, मी शेजारी उभा असताना. दुसऱ्या दिवशीच जिना मोकळा केला. ग्रिलची किल्ली आता आतल्या बाजूला, आईच्या हाताला येईल अशा खिळ्यावर आहे.

जिन्यात धूर भरलाच असेल तर त्यात शिरू नका. खोलीचं दार लावा, फटीला ओला टॉवेल कोंबा आणि खिडकीशी येऊन हाका मारा. धुरातून जावंच लागलं तर रांगत जा, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते.

एमसीबी हवीच, पण ती सगळं ओळखत नाही. सैल जोडणी तापत राहते तेव्हा तारेतला प्रवाह वाढत नाही, म्हणून एमसीबी पडतही नाही. शेजारच्या काकूंकडं माशासारखा वास येत होता. गिझरचा प्लग काढून बघितला तर एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, आणि तो साध्या एक्स्टेन्शनवर होता! त्याहून वाईट म्हणजे एमसीबी सारखी पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची बसवणं. तार जुनीच राहते, मग भिंतीत तीच तापते. "काय होत नाही ओ," म्हणणाऱ्या वायरमनचं यात ऐकू नका. वडगावात माग असलेल्या घरांत बोर्डावर सुताचे तंतू साचतात, तिथं ठिणगीला वेगळं जळण लागत नाही.

चार बादल्या पाण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे. पेटत्या तेलात पाणी तळाशी जातं, क्षणात वाफ होऊन फुगतं आणि तेल अंगावर उडवतं. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवा. विजेच्या आगीत आधी मेन स्विच. गॅसचा वास आला तर मात्र कुठल्याच बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. रेग्युलेटर बंद करून दारं उघडा, बाहेर या आणि तिथून १९०६ ला फोन करा.

आणि बंब नंतर नाही, आधी बोलवायचा. आपल्या गल्लीत तो शिरायलाच वेळ लागतो, दोन्ही बाजूंना गाड्या असतात. नंबर १०१ किंवा ११२. पलीकडचा माणूस बहुधा कन्नड बोलेल आणि घाईत आपल्याला शब्द सुचत नाहीत. आमच्या फोनशेजारी आईनं एक कागद चिकटवलाय. वर 'बेंकी बिद्दिदे', म्हणजे आग लागलीय, आणि त्याखाली गल्लीचं नाव, घर नंबर, कोपऱ्यावरचं देऊळ.