क्रेप बँडेजनं छाती 'बसत' नाही

आमच्या ट्रान्स मुलांच्या (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण मुलगा असलेल्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. गेल्या आठवड्यात तो मला एकाच दिवशी तिघांनी पाठवला, त्यातला एक तर नुकताच अठरा पूर्ण झालेला. मेसेज असा: बाइंडरवर (छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायच्या घट्ट बनियनवर) पैसे घालवू नका, मेडिकलमधून क्रेप बँडेज आणा आणि ताणून तीन-चार वेढे घ्या. जितकं घट्ट, तितकी छाती सपाट. रात्रीही काढू नका, तीन महिन्यांत छाती बसते. सुरुवातीला धाप लागेल, मग सवय होते.

मी कॉलेजात असताना दीड वर्ष हेच केलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बँडेज. ते मुरगळलेल्या पायासाठी असतं, आणि पाय बांधतानाही बोटं उघडी ठेवतात, ती निळी पडतायत का हे दिसावं म्हणून. छातीत आत काय चाललंय हे असं डोळ्यांना दिसत नाही. बसल्या जागी आपण मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो, म्हणजे तासाभरात ९०० वेळा बरगड्यांना फुलायला जागा लागते. नीट शिवलेल्या बाइंडरचा ताण बऱ्यापैकी सारखा पसरतो. बँडेजचे वेढे चालता-वाकताना सरकतात, एकावर एक चढतात, दोरीसारखे गोळा होतात आणि तिथेच काचतात. सकाळी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये लावलेली ती बारीक दातांची क्लिप दुपारपर्यंत काखेखाली रुतलेली असायची. संध्याकाळी सोडलं की डाव्या बरगडीवर बोटाएवढा जाड लाल वळ. मी त्यावर पावडर टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बांधायचो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बरगडी मोडली तर पूर्वी छातीला पट्टा आवळायचे. आता सहसा तसं करत नाहीत, कारण छाती आवळली की श्वास उथळ होतो, कफ आत साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. मोडलेल्या बरगडीला जे नको, ते धडधाकट बरगडीला रोज कशाला? पॅकिंगची चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकची फिल्म तर छातीला लावूच नका. आमच्यातल्या एकाची पट्टी आम्ही खोबरेल तेल चोळून, कडेकडेनं, तासभर सोडवत होतो. तरी थोडी कातडी निघालीच.

आता 'जितकं घट्ट, तितकं सपाट'. हे पटतं, कारण आरशात पहिल्या मिनिटाला तसंच दिसतं. पण आवळलेलं मांस कुठे जात नाही, मधोमध गोळा होऊन फुगवटा करतं. खरा फरक पडतो तो जागेनं. बाइंडर चढवल्यावर आत हात घालून दोन्ही बाजूंचं मांस थोडं खाली आणि बाहेर, काखेच्या दिशेनं सरकवायचं. माप टेपनं घ्यायचं, कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच घ्यायचं, 'एक साइज लहान' नाही. एकावर एक दोन बाइंडर नाहीत. घातल्यावर खाली बसा, हात वर करा, खोल श्वास घ्या, एक लांबलचक वाक्य न थांबता बोला. जमलं नाही तर ते घट्ट आहे, मग ते कितीही महागाचं असो.

बाकीचं काम शर्ट करतो. खांद्यात बसणारा, जाडसर सुती, गडद किंवा चौकड्यांचा, छातीवर खिसे असलेला. आत टीशर्ट आणि वर बटणं उघडा शर्ट, हे तर मी आजही घालतो. मापाची एक चांगली स्पोर्ट्स ब्रा आणि असा शर्ट एवढ्यावर अनेकांचं भागतं. वय कमी असेल, हाडं वाढत असतील, तर तिथूनच सुरुवात करा, आणि विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला माहीत असू द्या.

'तीन महिन्यांत बसते' हे साफ खोटं. स्तन चरबी आणि ग्रंथींचे बनलेले असतात, दाबानं त्या विरघळत नाहीत. वर्षानुवर्षं आवळून कातडी मात्र सैल पडू शकते, आणि पुढे टॉप सर्जरी, म्हणजे छाती सपाट करण्याची शस्त्रक्रिया, करायची असेल तर तिथे कातडीचा ताण महत्त्वाचा असतो. (घरच्यांच्या ग्रुपांवर उलटा मेसेज फिरतो, बांधल्यानं कॅन्सर होतो म्हणून. त्यालाही आधार नाही.) झोपताना बाइंडर काढायचाच. दिवसाला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा समजा, नव्यानं घालत असाल तर दोन-तीन तासांपासून सुरू करा. पळताना, जिममध्ये, ताप-खोकल्यात नको. दमा किंवा पाठीच्या कण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्याकडच्या मे महिन्यात घामोळं आणि नायटा ठरलेलाच, म्हणून आत पातळ सुती बनियन घाला, बाइंडर रोज धुवा, आणि ओला कधीच चढवू नका.

राहिली सवय. २०१७ साली बाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे छाती बांधणाऱ्या, सुमारे १,८०० जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९७ टक्क्यांहून जास्त जणांनी निदान एक तरी त्रास सांगितला, निम्म्याहून जास्त जणांची पाठ दुखत होती. विकतचे बाइंडर वापरणारेही त्यात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. त्रासाशी सगळ्यात ठळक संबंध दिसला तो आठवड्यातून किती दिवस बांधता याचा. म्हणून आठवड्यात एक-दोन दिवस छाती मोकळी ठेवा, घरात, सैल सदऱ्यात. तो दिवस मनाला किती जड जातो हे मला माहीत आहे, तरी सांगतोय.

मला 'सवय' झाली तेव्हा मी दादरच्या पुलावर निम्म्यात थांबायचो, फोन बघण्याचं नाटक करत, श्वास परत येईपर्यंत. धाप, बरगडीत कळ, हाताला मुंग्या, चक्कर, फुटलेली कातडी, यातलं काहीही झालं तर जवळचं स्वच्छतागृह गाठा आणि काढा. कपड्याखाली काय दिसतंय याचा विचार नंतर. काढूनही दुखणं किंवा धाप थांबली नाही तर लगेच डॉक्टरांकडे जा. तिथे स्वतःबद्दल सगळं सांगायची तयारी नसेल तरी चालेल. 'छातीला घट्ट कपडा बांधतो, रोज इतके तास, इतके महिने झाले' एवढं सांगितलं तरी त्यांना तपासायला पुरतं.