मालकांचं उत्तर: "तीन आठवडे एसी खोक्यात पडून, वर ४,२०० जादा"

मॅडम, नमस्कार.

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऐन मे महिन्यात, घरात तान्हं बाळ असताना, नवा कोरा एसी हॉलमध्ये खोक्यात पडून राहिला आणि तुमचे हाल झाले, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. ठाण्याचा मे काय असतो ते आम्हालाही ठाऊक आहे.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "पैसे हातात पडल्यावर रोज उद्या-उद्या करत राहिले आणि शेवटी अडवून ४,२०० रुपये जादा उकळले." हे वाक्य फार लागलं. मार्च ते मे या तीन महिन्यांत जे काम मिळतं, त्यावर आमचं दुकान आणि कामावरच्या पोरांची घरं पुढे पावसाळाभर चालतात. नवीन गिऱ्हाईक फोन लावण्याआधी हेच वाचतं. त्यामुळे गप्प बसता येत नाही.

एसी घेतला त्याच दिवशी मी दुकानात तुम्हाला विचारलं होतं, "सोसायटीची परवानगी झाली का?" तुम्ही म्हणालात, "सेक्रेटरींशी बोलणं झालंय, काही अडचण नाही." मी तेव्हाच म्हटलं होतं की तोंडी चालत नाही, लेखी एनओसी लागते, ती हातात येईपर्यंत माल दुकानातच राहू द्या. तुम्हाला स्कीमचा भाव सोडायचा नव्हता, डिलिव्हरी लगेच हवी होती. ती आम्ही दुसऱ्या दिवशी चौदाव्या मजल्यावर पोहोचवली. म्हणजे खोकं घरात आलं ते तुमच्या सांगण्यावरून, आणि सोसायटीकडे अर्ज गेला तो त्यानंतर. अर्जाच्या पोचपावतीवर तारीख आहे. रिव्ह्यूतले तीन आठवडे तुम्ही खोकं आलं त्या दिवसापासून मोजलेत.

आमची पोरं ठरल्या वेळी आली होती. गेटवर सिक्युरिटीने अडवलं, कारण ऑफिसमधून वर्क परमिट दिलेलं नव्हतं. शिडी, ड्रिल मशीन, व्हॅक्यूम पंप, गॅसचा सिलिंडर घेऊन दोघं भर उन्हात गेटबाहेर उभे राहिले. तुम्ही खाली येऊन वॉचमनशी बोललात, तरी सोडलं नाही. त्यात वॉचमनचा काही दोष नव्हता आणि आमच्या पोरांचा तर अजिबात नव्हता. त्यांना तुम्ही "काम टाळायला निमित्तच हवं असतं" असं सगळ्यांसमोर म्हणालात. दोघांपैकी मोठा आमच्याकडे कित्येक वर्षं आहे, त्याच्या कामाची तक्रार आजवर आलेली नाही. तो संध्याकाळी दुकानात आला तेव्हा काही बोलला नाही, फक्त सामान जागेवर ठेवून गेला.

मग तुमचा फोन आला की रविवारी सोसायटीचं ऑफिस बंद असतं, तेव्हा येऊन गुपचूप लावून टाका, नंतर कोण काढायला लावतंय. मी नाही म्हणालो. पूर्ण रिव्ह्यूमध्ये ही गोष्ट कुठेच नाही, आणि मला अन्याय वाटतो तो नेमका इथे. पैसे लगेच सुटत होते, लावून मोकळा होऊ शकलो असतो. का नाही लावला, ते सांगतो.

तुमची बिल्डिंग मायवानची आहे. म्हणजे विटांच्या भिंती नाहीत, आतल्या-बाहेरच्या भिंती काँक्रीटच्याच, एकसंध ओतलेल्या, आत सळ्या. जुन्या इमारतीत खिडकीखाली भोक पाडून पाईप बाहेर काढतात, तसं इथे चालत नाही. त्या भिंतीच वरच्या मजल्यांचा भार घेतात. कोअर मशीनने अडीच-तीन इंचाचं भोक मारताना सळई कापली गेली तर ती परत जोडता येत नाही. अशा इमारतीत बिल्डर पाईपसाठी भिंतीत आधीच स्लीव्ह, म्हणजे तयार भोक, सोडून ठेवतो. तुमच्या फ्लॅटमध्ये ती ड्राय बाल्कनीकडे आहे. तुम्हाला आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेर बसणारं युनिट, हवं होतं बेडरूमच्या खिडकीखाली, रस्त्याच्या बाजूला, कारण तिथून पाईप कमी लागतो. कमिटीने ती जागा नाकारली आणि ड्राय बाल्कनीची मंजूर केली. कमिटीशी माझं काही नातं नाही, पण त्यांचं बरोबर होतं. उद्या त्या भिंतीतून खालच्या घरात पाणी झिरपलं असतं, तर नोटीस तुम्हाला आली असती आणि नाव आमचं निघालं असतं.

दुसरं, आउटडोअर युनिट तीस किलोच्या आसपास भरतं. खाली मुलं खेळतात, गाड्या लागतात. चौदाव्या मजल्यावर ते लटकवायचं तर ब्रॅकेट कुठे, फास्टनर कोणते, सेफ्टी बेल्ट कशाला अडकवायचा, पुढे सर्व्हिसला माणूस पोहोचणार कसा, हे आधी ठरवावं लागतं. परवानगीच्या अर्जासोबत जागेचा नकाशा आणि हमीपत्र मागतात ते यासाठीच. सहकारी सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी सभासदाने घ्यायची असते. अर्जावर सही सभासदाचीच चालते, दुकानदाराची नाही. कमिटीची बैठक साधारण महिन्यातून एकदा होते. तुमचा अर्ज पोहोचला तेव्हा त्या महिन्याची बैठक होऊन गेली होती. तरी नकाशा मी स्वतः काढून दिला, हमीपत्राचा मजकूर टाईप करून दिला आणि सेक्रेटरींना फोन करून विनंती केली, म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत न थांबता सह्या मिळाल्या. या कामाचा एक रुपया लावलेला नाही.

आता ४,२०० रुपये. खोक्यात कंपनीचा तीन मीटर कॉपर पाईप येतो. खिडकीखाली लावला असता तर तेवढ्यात भागलं असतं. ड्राय बाल्कनीपर्यंत साडेसात मीटर लागला, म्हणजे साडेचार मीटर जादा. इन्सुलेशन आणि वायरसह मीटरला ८०० रुपये, असे ३,६०० झाले. ड्रेन पाईप लांबवून बाथरूमच्या आउटलेटपर्यंत नेला, क्लिपा मारल्या, त्याचे ६००. हा दर दुकानात काउंटरमागे लावलेला आहे, कोटेशनच्या पाठीमागेही छापलेला आहे. पाईप ओढण्याआधी आमच्या दोघांपैकी मोठ्या पोराने टेपने मोजून तुमच्या मिस्टरांना आकडा सांगितला, त्यांनी हो म्हटल्यावरच काम सुरू झालं. तांब्याचा भाव आमच्या हातात नाही.

काम संपत आलं तरी "उगाच वेळ काढत होते" असंही तुम्ही लिहिलंय. तो वेळ व्हॅक्यूमचा होता. पाईपमधली हवा आणि ओल पंपाने पूर्ण ओढून घेतल्याशिवाय गॅस सोडायचा नसतो. ओल आत राहिली तर कूलिंग पडतं आणि कॉम्प्रेसर लवकर जातो. शिवाय हल्लीच्या एसीतला आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, म्हणून जॉइंट नीट तपासावे लागतात. घाईच्या दिवसांत पुष्कळ जण थोडा गॅस सोडून पाईपमधली हवा बाहेर काढतात आणि पाच मिनिटांत निघतात. आम्ही तसं करत नाही, मग पुढचं गिऱ्हाईक कितीही फोन करो.

तुमच्या त्रासाची जाणीव आहेच. यापुढे सोसायटीच्या परवानगीचं आम्ही गिऱ्हाइकाला जरा आधीच आणि लेखी कळवत जाऊ, फोनवरही लवकर उत्तर देण्याचा प्रयत्न राहील. पावसाळा संपल्यावर तुमच्या एसीची एक सर्व्हिस आमच्याकडून.

स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार आहे. उशीर झाला असं लिहा, त्रास झाला असं लिहा. पण "अडवून ४,२०० रुपये जादा उकळले" एवढं वाक्य कृपया काढा, कारण तसं घडलेलं नाही. अर्जाची पोचपावती, कमिटीचं पत्र आणि बिल, तिन्हींच्या प्रती दुकानात आहेत. तुम्ही किंवा मिस्टर कधीही येऊन बघा.

आणि कमिटीचं मूळ पत्र तुमच्याकडे आहे ते फ्लॅटच्या फाईलमध्ये जपून ठेवा. कमिटी बदलली की हे कागद परत विचारले जातात.

— मालक, एसी विक्री व दुरुस्ती, ठाणे