लिंक टाकली म्हणजे गृहपाठ दिला असं होत नाही

शिक्षकांच्या ग्रुपवर परत तोच सूर लागलाय. "आता घरटी स्मार्टफोन आहे, गृहपाठाची लिंक टाकायला काय हरकत?" हरकत आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात शिकवतो, म्हणून जरा जोरातच आहे.

घरात फोन असणं आणि पोराच्या हातात फोन असणं यात फार अंतर आहे. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'चा २०२१ चा अहवाल काढून बघा. ग्रामीण भारतातल्या ६७.६ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्याच २६.१ टक्के पोरांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. आकडे कोरोनाच्या काळातले आहेत, कारणं मात्र आजही तीच. आमच्या डोंगरातल्या कितीतरी घरांमधला चांगला फोन वाशीच्या मार्केटात, माथाडीचं काम करणाऱ्या बापाच्या खिशात असतो. घरी आईजवळ बटणाचा. बाप गावातच असला तर फोन त्याच्याबरोबर रानात जातो, रात्री आला की थोरला भाऊ घेऊन बसतो. बहिणीचा नंबर लागेस्तोवर दिवसाचा डेटा संपलेला. पावसाळ्यात लाईट गेली की रेंजही जाते. कोयनेची वीज राज्याला पुरवणारा तालुका आमचा, बरं का!

सगळ्यात वाईट म्हणजे पोरं हे सांगत नाहीत. 'रिचार्ज नव्हता' म्हणायची लाज वाटते, त्यापेक्षा 'विसरलो' म्हणून बोलणी खातात. आपण 'गृहपाठ अपूर्ण' असा शेरा मारून मोकळे. तो शेरा अभ्यासावर नसतो, घरच्या ऐपतीवर असतो.

आणि मी काही खडूफळ्यावर अडून बसलेला माणूस नाही. वर्गात टॅब हवेतच. पण वायफाय म्हणजेच इंटरनेट, हा समज आधी काढायला हवा. 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली जुन्या लॅपटॉपवर बसते. साधा राउटर लावला की टॅब त्याला जोडले जातात, बाहेरचं नेट नसलं तरी धडे चालतात. नेटशिवाय वाचायची सोय करणाऱ्या 'किविक्स' ॲपसाठी अख्खा मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर नेता येतो. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओही आधी उतरवून ठेवता येतात. हे उतरवायला वेळ शिक्षकाचा जातो आणि बऱ्याचदा डेटाही त्याचाच, हे मान्य. त्याची तरतूद मागू या की!

"ज्यांच्याकडं नेट आहे त्यांना का अडवायचं?" कोण अडवतंय? बघू देत हवं तेवढं, फक्त गुण त्यावर नकोत. घरी दिलेलं काम वही-पेन्सिलीवर पुरं व्हायला हवं. नेट लागणारं काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या नेटवर. शाळा सुटल्यावर संगणक कक्ष तासभर उघडा ठेवू म्हणाल, तर वाडीवरच्या पोरांची एसटी चुकते. मोठी सुट्टी बरी.

याच जिल्ह्यात, काले गावात, १९१९ साली कर्मवीरांनी 'रयत' सुरू केली. पोरांना शिकायला राहायची सोय नव्हती, तर त्यांनी वसतिगृहं काढली. घरून सोय करून या, असं नाही म्हणाले.

बऱ्याच सर्वेक्षणांच्या फॉर्मवर 'घरी स्मार्टफोन आहे का?' एवढंच असतं, हो किंवा नाही. विरोध असेल त्यांनी खाली जरूर लिहा, पण त्याआधी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. नाव न घालता एवढंच लिहायला सांगा: काल संध्याकाळी सात ते नऊ फोन कुणाच्या हातात होता?